कॅलरी मोजायला लागून तीन आठवडे झाले. काटा पुन्हा वर का सरकला?

धायरीची_सून | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. माझे वय ३६ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर आणि तीन आठवड्यांपूर्वीचे वजन ७१ किलो. मी धायरीला राहते, स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात दिवसभर बसून काम करते आणि जाणे-येणे दुचाकीवरून करते, त्यामुळे चालणे जवळजवळ होतच नाही. घरात आम्ही पाच माणसे आहोत. सकाळचे डबे मी करते, रात्रीचा स्वयंपाक सासूबाई करतात.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी कॅलरी मोजायला सुरुवात केली. फोनमधल्या ॲपमध्ये वय, उंची, वजन भरले आणि आठवड्याला एक किलो कमी करायचे आहे असे सांगितले, तेव्हा त्याने मला दिवसाला १२०० कॅलरींची मर्यादा घालून दिली. सोमवार ते शनिवार मी ती अगदी काटेकोरपणे पाळते. सकाळी एक वाटी पोहे किंवा उपमा, डब्यात दोन पोळ्या आणि एक वाटी भाजी, रात्री एक भाकरी, आमटी आणि कोशिंबीर, शिवाय दोन वेळा चहा. हे सगळे पदार्थ ॲपच्या यादीत आपल्या नावांनी मिळतात. ‘एक वाटी’ निवडले की आकडा येतो. रविवार मात्र मी मोजत नाही, कारण रविवारी एक तर पाहुणे असतात, नाहीतर आम्ही बाहेर जेवतो.

पहिल्या आठवड्यात १.८ किलो वजन उतरले, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दुसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम उतरले. तिसऱ्या आठवड्यात तेवढेच मोजूनमापून खाल्ले आणि वजन ७०० ग्रॅमने वाढले. दुपारी चारच्या सुमारास डोके जड होते. रात्री अकराला पोटात खड्डा पडतो, तेव्हा मूठभर भाजलेले शेंगदाणे खाते, कारण ते पौष्टिक असतात असे सगळेच सांगतात.

पदार्थ कच्चा मोजायचा की शिजलेला? पाच जणांच्या कढईतून माझ्या वाट्याला किती आले हे कसे ठरवायचे? माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक करणे शक्य नाही आणि ते मला बरेही वाटत नाही. आणि १२०० पाळूनही वजन उतरत नसेल, तर आता हजारावर यावे का?

काटा_आणि_वाटी | मंगळवार, सकाळी ६.१५

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हजारावर मुळीच येऊ नका. माझा अंदाज असा आहे, की तुम्ही आजही १२०० खात नसून त्याहून बरेच जास्त खात आहात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. हा तुमच्या प्रामाणिकपणावरचा संशय समजू नका. मी स्वतः सलग पाच महिने हीच चूक केली आणि दोष थायरॉइडला देत राहिलो. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. त्यात, दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही आमचे वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या माणसांचे खाणे प्रत्यक्ष तपासले गेले. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या शरीराचा खर्च मात्र अपेक्षेइतकाच होता. तो आकडा वाचला त्या दिवशी मी पदार्थ मोजायचा स्वयंपाकघरातला वजनकाटा विकत आणला.

आता पहिल्या आठवड्यातल्या १.८ किलोंविषयी. खाणे एकदम कमी केले, की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरते. ही साखर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेली असते. साखर संपली की पाणी जाते आणि काटा झरझर खाली येतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, १.८ किलो चरबी सात दिवसांत जायची, तर रोज जवळजवळ दोन हजारांची तूट लागेल, आणि तेवढा तर तुमचा दिवसाचा खर्चही नाही. गेले ते बरेचसे पाणी होते, आणि तिसऱ्या आठवड्यात आले तेही बहुधा पाणीच असावे. म्हणून वजन रोज सकाळी, शौचास जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी करावे, आणि एका आठवड्याच्या सरासरीची तुलना पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी करावी. एकट्यादुकट्या दिवसाच्या आकड्यावर आनंदही मानू नये आणि रडूही नये.

तुमचा दिवसाचा खर्च किती, याचा हिशेब असा. किलोमधले वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, त्यातून वय गुणिले ५ वजा, आणि स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा. तुमच्या बाबतीत ७१०, अधिक ९८७, वजा १८०, वजा १६१, म्हणजे सुमारे १३५६. एवढे तर दिवसभर नुसते पडून राहिले तरी लागते. बैठ्या कामासाठी याला १.२ने गुणतात, थोडी हालचाल असेल तर १.३७५ने. म्हणजे तुमचा खर्च १६३० ते १८६५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. यातून तीन-साडेतीनशे वजा केले, तर १४०० ते १४५० हा आकडा तुमच्यासाठी पुरेसा आहे. त्याने महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरेल. आठवड्याला एक किलो ही तुम्ही ॲपकडे केलेली मागणीच अवाजवी होती. ॲप बिचारे वाद घालत नाही, ते फक्त वजाबाकी करते.

कच्चा की शिजलेला, हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण इथे चूक तिप्पट होऊ शकते. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात. तोच तांदूळ शिजून अडीच-तीनपट होतो, त्यामुळे शंभर ग्रॅम भातात सुमारे १३० राहतात. यादीतून ‘तांदूळ’ निवडून त्यापुढे भाताचे वजन लिहिले, की अर्धपोटी राहून कॅलरी मात्र भरपूर झाल्यासारख्या दिसतात; डाळ कच्ची निवडून आमटीचे वजन लिहिणाऱ्यांचेही तसेच होते. घरच्या पदार्थासाठी मी सगळे कच्चे मोजतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. तेही कच्च्या जिनसांचेच आहेत आणि ॲपमध्ये कोणीतरी भरलेल्या ‘पोहे, एक वाटी’पेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. वाटीचे म्हणाल तर ते मापच नव्हे. आमच्या घरातल्या तीन वाट्यांत मी पाणी भरून पाहिले, तर त्या ११०, १५० आणि १९० मिलिलिटरच्या निघाल्या, आणि मी तोवर तिन्हींना ‘एक वाटी’च म्हणत होतो.

पाच जणांच्या कढईचा उपाय सोपा आहे. रिकाम्या कढईचे वजन एकदाच करून कुठेतरी लिहून ठेवावे. भाजी करताना जे जे घालाल ते कच्चे असताना काट्यावर ठेवावे आणि त्याच्या कॅलरींची बेरीज करावी. भाजी झाली की कढईसकट वजन करून रिकाम्या कढईचे वजन त्यातून वजा करावे. उरले ते भाजीचे वजन. बेरजेला त्याने भागले की एका ग्रॅमची कॅलरी मिळते, मग तुमच्या ताटात किती ग्रॅम पडले एवढेच पाहायचे. बाकीचे चौघे नेहमीसारखे जेवतील, त्यांना कळणारही नाही. हे आयुष्यभर करायचे नसते. आपल्या घरात फिरून फिरून तेच पंधरा-वीस पदार्थ होतात. प्रत्येक पदार्थ दोनदा मोजला, की महिना-दीड महिन्यात आपल्या स्वयंपाकघराचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

पोळीचे उदाहरण देतो, कारण पोळ्या मीच करतो. अर्धा किलो कणकेत माझ्या हाताने घडीच्या १४ पोळ्या होतात. कणकेच्या साधारण १६५० कॅलरी, मोहन, घडीत लावलेले आणि वरून सोडलेले मिळून ३० ग्रॅम तेल, त्याच्या २७०. म्हणजे एक पोळी १३७ची पडते. यादीतली ‘चपाती’ बहुधा ८०च्या आसपास असते, आणि तो हिशेब लहान कोरड्या फुलक्याचा असतो. तुमच्या डब्यातल्या दोन पोळ्यांत इथेच शंभराच्या वर फरक पडला. भाकरीविषयीही एक गैरसमज आहे. तिला तेल लागत नाही हे खरे, पण साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी दोनशे कॅलरींची होते. भाकरी जरूर खावी, पण ती हलकी असते म्हणून दुसरी घेऊ नये.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे तेल. एका ग्रॅमला ९ कॅलरी. पिष्ट आणि प्रथिने ग्रॅमला ४ देतात. आमच्या बुधलीतली पळी १२ मिलिलिटरची आहे, म्हणजे एका पळीत जवळजवळ शंभर कॅलरी. आपल्याकडे फोडणीला तेल हाताच्या अंदाजाने पडते, आणि हात उदार असतो. मोजायची युक्ती अशी की तेलाची बुधली काट्यावर ठेवून काटा शून्य करावा, बुधली उचलून हवे तेवढे तेल घालावे आणि पुन्हा काट्यावर ठेवावी. काट्यावर उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेले. कृपया एवढे सांगा, की तुमच्या घरी महिन्याला तेल किती येते?

शेंगदाणे पौष्टिक असतात यात वाद नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत १६५ ते १७० कॅलरी असतात. तुमच्या नोंदीत ते आहेत का?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२.०५

सूनबाई, मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आहाराच्या बोलण्यातली एक ‘कॅलरी’ म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी, एक हजार कॅलरी. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते तेवढी उष्णता, म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल. काही आयात केलेल्या पाकिटांवर ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापलेली असते. आमच्या चिरंजीवांनी एकदा तो आकडा कॅलरी समजून बिस्किटाचा पुडाच घरातून हद्दपार केला होता.

पाकिटावर आणखी एक गोष्ट पाहावी. मोठ्या अक्षरातला आकडा शंभर ग्रॅमचा आहे, की ‘एका वाढणी’चा? ती वाढणी उत्पादकाने ठरवलेली असते आणि ती बहुधा वीस-तीस ग्रॅमची असते. बाकरवडी किंवा शेव समोर असताना वीस ग्रॅमवर थांबणारा माणूस पुण्यात मला अजून भेटलेला नाही. तळलेले फरसाण साधारणपणे शंभर ग्रॅमला पाचशे ते साडेपाचशेच्या घरात असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

व्यायामाने कॅलरी ‘भरून काढण्या’चा नाद मात्र सोडा. आमचा एक गट दर रविवारी आतकरवाडीच्या बाजूने सिंहगड चढतो. साधारण सहाशे मीटरची चढण आहे. सत्तर किलोचा माणूस तेवढा वर नेण्याचे निव्वळ यांत्रिक काम गणिताने जेमतेम शंभर कॅलरींचे होते. स्नायूंची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्के धरली, तर शरीराचा खर्च चारशे ते पाचशे होतो. आमच्यातल्या एकाचे मनगटी घड्याळ त्याला अकराशे दाखवते आणि तो त्या भरवशावर गडावर कांदाभजीच्या दोन बशा, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही असा साग्रसंगीत कार्यक्रम करतो. घड्याळावर माझा राग नाही, पण त्याच्या आकड्याला दोनाने भागावे आणि उरलेलाही खाण्यात धरू नये. टेकडीवर जरूर जा. दम वाढतो, झोप चांगली लागते आणि निदान तेवढा वेळ माणूस डब्यापासून लांब राहतो.

चतुर्थीवाली | मंगळवार, दुपारी ४.३०

यात उपासाचाही हिशेब धरावा, म्हणून माझा अनुभव लिहिते. मी महिन्यातले चार उपास ‘कमी खाण्याचे दिवस’ म्हणून कोरे सोडत असे. एका चतुर्थीला माझ्या एकटीच्या साबुदाण्याच्या खिचडीचे सामान सहज काट्यावर ठेवले. साबुदाणा १०० ग्रॅम म्हणजे ३५०, दाण्याचे कूट ४० ग्रॅम म्हणजे २२०, साजूक तूप १५ ग्रॅम म्हणजे १३५. बटाटा न घालताच बेरीज ७०५ झाली. त्यानंतर केळे आणि रात्री पुन्हा भगर-आमटी. माझ्या उपासाचा दिवस इतर दिवसांपेक्षा जड होता. आता मी उपास करते, पण खिचडी निम्मी घेते आणि सोबत ताक व काकडीची कोशिंबीर ठेवते.

आहार_सल्लागार_कोथरूड | मंगळवार, रात्री ९.२०

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वरचा हिशेब योग्य आहे. काही गोष्टींची भर घालते आणि एका बाबतीत सावध करते.

बाराशेच्या खाली वैद्यकीय देखरेखीशिवाय कोणीही जाऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे अनिवार्य आहे, कारण औषधाची मात्रा तीच ठेवून जेवण घटवले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी, तसेच अठरा वर्षांखालील मुलामुलींनी हा प्रयोग आपापल्या मनाने करू नये. ज्यांना पूर्वी खाण्यावरून मानसिक त्रास झालेला आहे, खाल्ल्याबद्दल अपराधी वाटून उलटी काढण्यापर्यंत वेळ गेलेली आहे, त्यांच्यासाठी आकडे मोजण्याची ही पद्धत योग्य नाही. त्यांनी वेगळ्या मार्गाने जावे.

तिसऱ्या आठवड्यातल्या वाढीसंबंधी विचारते, की पाळीचे दिवस जवळ होते का? पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी धरले जाणे अगदी सामान्य आहे. लोणची, पापड किंवा हॉटेलच्या जेवणातले मीठ यांचाही परिणाम दोन-तीन दिवस टिकतो. स्त्रियांनी आपल्या वजनाची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी केली, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

चार वाजता जड होणारे डोके आणि रात्रीची भूक यांचे कारण तुमच्या यादीतच दिसते. न्याहारीत पोहे, डब्यात पोळी-भाजी. दिवसभरात प्रथिने फार थोडी आहेत. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज साधारण ५९ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि खाणे कमी करत असताना तर ती चुकवूच नयेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, पण एका माणसाच्या आमटीत डाळ पडते पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे हाती सहा ग्रॅमच येतात. मुगाची किंवा मटकीची उसळ डब्यात भाजीऐवजी नव्हे, भाजीबरोबर ठेवा आणि त्यासाठी एक पोळी कमी करा. साय काढलेल्या दुधाचे दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, चालत असल्यास अंडी, यांतले काहीतरी रोज दोन वेळा ताटात हवे. एका अंड्यात सत्तर-पंचाहत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पोट भरण्याच्या बाबतीत त्याच कॅलरींचे फरसाण त्याच्या जवळपासही येत नाही. हे करूनही दोन आठवड्यांत डोकेदुखी थांबली नाही, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट पुणेकरांनी विशेष लक्षात घ्यावी, कारण तिचा शोध आपल्याच गावाशी जोडलेला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले होते. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतो. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात आणि २५ला लठ्ठपणा. तुमचा निर्देशांक सुरुवातीला २८.४ होता, त्यामुळे वजन उतरवण्याचा निर्णय योग्यच आहे. मात्र वजनकाट्याबरोबर शिंप्याकडे असते तशी एक टेपही ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, दर पंधरा दिवसांनी घेर मोजा. स्त्रियांमध्ये तो ८० सेंटिमीटरच्या आत यायला हवा. वजन अडून बसले असतानाही टेप सैल होत असेल, तर काम चालू आहे असे समजावे.

धायरीची_सून | पुढचा रविवार, सकाळी ११.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काटा आणला, आणि जे दिसले ते लिहिते.

किराण्याची बिले काढून पाहिली. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभरही पुरत नाही. एका लिटरचे ९१० ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी, पाच माणसे, तीस दिवस. माणशी रोज २७३ कॅलरी नुसत्या तेलाच्या निघाल्या. मी दोनदा गुणाकार करून पाहिला. शेंगदाणे माझ्या नोंदीत नव्हतेच, कारण ते मी उभ्या उभ्या खात होते.

बुधवारी पोहे केले. पोहे ३०० ग्रॅम, तेल ४५, शेंगदाणे ५०, बटाटा १५०, कांदा १००, ओले खोबरे ३० आणि साखर १० ग्रॅम. बेरीज २०३० कॅलरी. आमची कढई ७४० ग्रॅमची आहे, पोह्यांसकट ती १७५० भरली, म्हणजे पोहे १०१० ग्रॅम झाले. मी नेहमी घेते ती वाटी दाबून भरल्यावर १९५ ग्रॅमची निघाली, म्हणजे ३९२ कॅलरी. ॲपमध्ये मी तीन आठवडे त्यापुढे १८० लिहीत होते. शुक्रवारी तेल २० ग्रॅमवर आणले आणि फोडणीत कांदा-बटाटा झाकण ठेवून वाफेवर शिजवला. घरात कोणीही काही बोलले नाही. धाकट्याने लिंबू जास्त मागितले, एवढेच.

पाळीविषयीचा अंदाजही खरा होता.

काटा_आणि_वाटी | रविवार, दुपारी १.३०

ॲपच्या भाजीत थोडे तेल आधीच धरलेले असणार, म्हणून २७३ पुरते वर चढवू नका, २०० धरा. त्यात शेंगदाण्यांचे १७० मिळवले, तर तुमचे १२०० हे प्रत्यक्षात १५७० होते. रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी हॉटेल असेल, तर २६०० सहज होतात. फरसाण, कटावरचा तवंग आणि पाव मिळून मिसळीचीच बशी सातशेच्या आसपास जाते. सहा दिवसांचे ९४२० आणि रविवारचे २६००, यांना सातने भागले की रोजचे सुमारे १७१७ येतात, आणि तुमचा खर्च १६३० ते १८६५ होता. वजन का थांबले याचे उत्तर यातच आहे.

रविवार बंद करू नका, फक्त त्याची नोंद ठेवा. हॉटेलच्या पदार्थाचा नेमका आकडा मिळत नाही, तेव्हा तसाच पदार्थ घरी केला असता तर किती झाला असता ते धरून त्यात तेलासाठी शंभर-दीडशे मिळवावेत. चूक झाली तरी चालेल. कोरी जागा मात्र ठेवू नये. चार आठवडे १४५० नीट मोजून खा आणि मग सरासरी पाहा. ती हलली नाही, तर आणखी शंभर कमी करू; आठ-दहा किलो उतरले की खर्चही कमी होतो, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

धायरीची_सून | रविवार, रात्री ९.५०

तसेच करते. आज मी नसताना सासूबाईंनी वांग्याच्या भाजीची कढई स्वतःहून काट्यावर ठेवली आणि हिशेब जमेना म्हणून मला फोन केला. तासभर शोधल्यावर कळले, की कढईत उलथने होते. ते नव्वद ग्रॅमचे आहे. ‘उलथने काढून मोजणे’ अशी चिठ्ठी आता त्यांनीच ओट्यावरच्या फरशीला चिकटवली आहे. त्यांचा एक प्रश्न आहे : भाकरी थापताना परातीत जे पीठ उरते, ते वजा करायचे का?

काटा_आणि_वाटी | रविवार, रात्री १०.०५

करायचे. पीठ घेण्याआधी परात शून्य करून ठेवावी आणि भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या कोरड्या पिठासकट पुन्हा ठेवावी. आमच्याकडे चार भाकऱ्यांमागे वीस-पंचवीस ग्रॅम उरते. त्यांना माझा नमस्कार सांगा.